शेंगाचा शोध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात चित्रित झालेल्या आमच्या कौटुंबिक चित्रपटाचे संकलन सध्या सुरू आहे. चित्रीकरणाच्या दिवसांत गल्लीतल्या मंडळींनी, शाळेतल्या शिक्षकांनी आणि विशेषतः लहान मुलांच्या आईवडिलांनी आम्हाला जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण ते प्रश्न आम्हालाही बरेच दिवस पडलेले होते.

चित्रपटाची गोष्ट नेमकी काय आहे?

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या गल्लीत राहणारा नऊ वर्षांचा एक मुलगा आहे. घरात तेलुगू बोलली जाते आणि सगळे त्याला चिन्ना म्हणतात. वडील मागावर काम करतात, आई आणि आजी घरी टॉवेलांना शिलाई मारून, घड्या घालून डझनाचे गठ्ठे बांधतात. गल्लीतला एक कुत्रा त्याच्यामागे सतत असतो. भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखा त्याचा रंग असल्यामुळे त्याचे नाव शेंगा पडले आहे.

संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे आपला गड्डा, भरतो. अक्षता सोहळा होतो, होम होतो आणि मग होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते. त्या रात्री शेंगा चिन्नाच्या मागोमाग दोन-तीन किलोमीटर चालत मैदानापर्यंत येतो, आणि पहिला बार आकाशात फुटताच गर्दीतून जो पळतो तो दिसेनासा होतो. पुढचे पाच दिवस चिन्ना त्याला शोधतो. गोष्ट एवढीच आहे. खलनायक नाही, कुत्रे पळवणारी टोळी नाही, आणि वडीलही वाईट नाहीत; त्यांची पाळी रात्रीची असते, एवढाच काय तो अडथळा.

कुत्रा मरतो का?

नाही.

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आणि बहुतेक वेळा तो मुलांनी विचारला. मोठी माणसे तो जरा संकोचून, मुलाच्या नावावर विचारतात. कुत्र्यावरच्या चित्रपटांचा प्रेक्षकांना जो अनुभव आहे, त्यावरून ही भीती रास्तच म्हणावी लागेल. प्राण्याला शेवटच्या रिळात मारले की थिएटरमध्ये हमखास हुंदके ऐकू येतात, आणि ज्याला दुसरे काही सुचत नाही त्याला हा मार्ग फार जवळचा वाटतो. आमच्या पहिल्या कच्च्या मसुद्यातही तसा एक शेवट होता, हे कबूल करतो. तो वाचून दाखवल्यावर आमच्यातल्या एकाच्या सात वर्षांच्या मुलीने विचारले, ‘मग त्याने शोधला कशाला?’ त्यावर आमच्यापैकी कोणापाशीच उत्तर नव्हते.

कुत्र्यामागे धावण्याची मराठीतली सर्वांत प्रसिद्ध कथा आपल्याच जिल्ह्यातली, पंढरपूरची आहे. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. त्या कथेत कोणी मरत नाही, आणि तरीही ती ऐकणाऱ्याला विसरता येत नाही. पटकथा दुसऱ्यांदा लिहिताना आम्ही ती कथा सतत समोर ठेवली होती.

गोष्ट खरी आहे का?

चिन्ना आणि शेंगा काल्पनिक आहेत. दारूकामाच्या किंवा दिवाळीच्या रात्री बिथरून पळालेली कुत्री मात्र सोलापुरातल्या प्रत्येक गल्लीने पाहिलेली आहेत.

नायकासाठी जातिवंत कुत्रा का घेतला नाही?

काहींनी आपुलकीने सुचवले की एखादा लॅब्राडोर घ्या, पडद्यावर शोभून दिसेल. काहींनी मुधोळ हाउंड सुचवला, कारण मुधोळ येथून फार लांब नाही, आणि आपल्या भागातल्या धनगरांकडे व शिकारीची हौस असलेल्यांकडे कारवान जातीची उंच, सडपातळ कुत्री अजूनही आढळतात. ती कुत्री देखणी आहेत यात वाद नाही. तथापि ती घेतली असती तर आमची गोष्टच संपली असती. मुधोळ कुत्रा हरवला तर तासाभरात सगळ्या पेठेला ठाऊक होते की अमक्याचा कुत्रा हरवला आहे. गावठी कुत्रा हरवला तर लोक विचारतात, ‘तो तर तिथेच बसलाय की!’, आणि बोट दाखवतात ते तशाच तांबूस रंगाच्या दुसऱ्याच कुत्र्याकडे.

चिन्नाची खरी अडचण ही आहे. त्याच्यासाठी शेंगा जगात एकच आहे, आणि शहरासाठी तो शेकड्यांतला एक आहे. टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून तो त्यावर शेंगाचे चित्र काढतो आणि खाली खुणा लिहितो : उजव्या पुढच्या पायात पांढरा मोजा, शेपटी डावीकडे वळलेली, हाक मारली की आधी जांभई देतो. मोठ्या माणसांना पहिल्या दोन खुणा कळतात. तिसरी खूण वाचून सगळे हसतात, आणि चित्रपट त्या तिसऱ्या खुणेवर उभा आहे.

चित्रपटाची भाषा कोणती?

मुख्यतः मराठी, पण सोलापूरची मराठी. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी गेले की कानावर चार भाषा पडतात आणि चिन्ना नेमका पायीच हिंडतो. स्वतःच्या गल्लीत तो ‘कुक्का’ म्हणून विचारतो, बाळीवेशीत दुकानदाराला ‘नायी’ हा कन्नड शब्द वापरून पाहतो, विजापूर वेशीत ‘कुत्ता’ म्हणतो आणि नव्या पेठेत, ‘ओ काका, आमच्या शेंगाला बघितलाव का?’ असे विचारतो. त्याला कोणी हे शिकवलेले नसते. येथील मुलांना ते येतेच. संवादांचे प्रमाणीकरण करावे, म्हणजे बाहेरच्या प्रेक्षकांना समजेल, असा सल्ला आम्हाला मिळाला होता. आम्ही तो मानला नाही. मराठीखेरीज इतर भाषांतल्या वाक्यांना पडद्यावर मराठी ओळी दिलेल्या आहेत.

दारूकामाच्या दृश्यात कुत्र्याला खरोखर फटाक्यांजवळ नेले का?

अजिबात नाही, आणि हे थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक वाटते. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तर कुत्र्याला सुमारे ४५ हजार हर्ट्झपर्यंतचे; शिवाय आपल्याला ऐकू न येणारे मंद आवाजही त्याला कळतात. आपल्याला मजेचा वाटणारा बार त्याच्या दृष्टीने कसा असेल, याची कल्पना यावरून करता येईल. म्हणून दृश्याचे तीन तुकडे केले. दारूकाम आणि वर बघणारे चेहरे यात्रेत दुरून टिपले. चिन्नाची भूमिका करणाऱ्या मुलाचे चेहऱ्यावरचे भाव एका मोकळ्या पटांगणात, रंगीत दिवे उघडझाप करून घेतले. शेंगाची धाव आठवड्याभराने, पहाटे साडेपाच वाजता, पूर्ण शांत गल्लीत चित्रित केली. त्या वेळी तो घाबरून पळत नव्हता, गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या त्याच्या शिकवणाऱ्याकडे उकडलेल्या कोंबडीच्या तुकड्यासाठी आनंदाने पळत होता. त्याची शेपटी उभी राहिल्यामुळे पहिले चार प्रयत्न वाया गेले, कारण घाबरलेला कुत्रा शेपटी पायांत घालतो. शेवटी शेपटी चौकटीबाहेर ठेवली. आवाज सगळे नंतर भरलेले आहेत.

कुत्र्याला अभिनय कसा शिकवला?

अभिनय हा शब्द आपण वापरतो. कुत्रा फक्त बघतो, थांबतो, चालतो आणि खातो, व बाकीचे काम संकलनात होते. तो मुलाकडे प्रेमाने पाहतो असे जे दृश्य तुम्हाला दिसेल, त्यात तो कॅमेऱ्याशेजारच्या माणसाच्या मुठीकडे पाहत आहे. शेंगाच्या भूमिकेत दोन कुत्रे आहेत. एक स्वभावाने स्वस्थ आहे आणि सांगितलेल्या जागी दहा मिनिटे बसू शकतो. दुसऱ्याला बसणे जमत नाही, पण धावणे उत्तम जमते. दुसऱ्याच्या पायात पांढरा मोजा नव्हता. त्याला रंग लावायचा नाही असे आधीच ठरले असल्यामुळे, त्याचा उजवा पाय दिसेल असे एकही दृश्य आम्ही घेतलेले नाही. चाणाक्ष प्रेक्षकांच्या हे लक्षात येईलच.

बक्षीस म्हणून कोंबडी आणि कलेजीचे छोटे तुकडे दिले. बघायला येणारी मंडळी नावावरून हौसेने शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन येत. भाकरी आम्ही खाल्ली. चटणीत लसूण असतो. लसूण आणि कांदा कुत्र्यांच्या रक्तातील तांबड्या पेशींना अपायकारक असतात, त्यामुळे चटणीही आम्हालाच संपवावी लागली. चॉकलेट आणि द्राक्षेही कुत्र्यांना अपायकारक असतात. सोलापूर जिल्ह्यात द्राक्षे मुबलक असल्याने हे मुद्दाम लिहीत आहोत.

सर्वांत गंमतीची गोष्ट आम्हाला आधी ठाऊकच नव्हती. आमचा स्वस्थ कुत्रा मागांच्या शेडजवळ वाढलेला आहे. ध्वनिमुद्रण करणारा माणूस खटखटीमुळे हैराण झालेला असताना हा मात्र भर आवाजात टॉवेलांच्या ढिगाला टेकून गाढ झोपत असे. वीज गेली आणि माग थांबले की तो दचकून उठायचा, कान टवकारायचा आणि इकडेतिकडे पाहायचा. त्याला शांततेने जाग येत होती. हे पाहिल्यावर आम्ही पटकथेची शेवटची आठ पाने बदलली.

प्राण्यांच्या चित्रीकरणासाठी परवानगी लागते का?

लागते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली २००१ साली प्रदर्शनातील प्राण्यांच्या नोंदणीचे नियम झाले आणि ते चित्रपटांनाही लागू आहेत. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे चित्रीकरणापूर्वी अर्ज करावा लागतो. कोणता प्राणी, कोणत्या दृश्यात, काय करणार आहे हे लिहून द्यावे लागते आणि पशुवैद्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. चित्रपट पूर्ण झाल्यावर याच मंडळाचे ना-हरकत प्रमाणपत्र सेन्सॉरकडे सादर करावे लागते. कागदपत्रांचा हा व्याप पाहून अनेक छोटे निर्माते कुत्र्याचे दृश्यच गाळतात. आमचा अनुभव असा की अर्जासाठी प्रत्येक दृश्य सविस्तर लिहावे लागल्यामुळे अर्धी अनावश्यक दृश्ये कागदावरच गळून पडली.

मुलाच्या शाळेचे काय? त्याच्याकडून किती तास काम करून घेतले?

बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार बालकलाकाराला काही अटींवर काम करता येते. २०१७ च्या नियमांत त्या अटी स्पष्ट आहेत : जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नको, सलग २७ दिवसांपेक्षा अधिक काम नको, मुलाच्या इच्छेविरुद्ध काही करून घ्यायचे नाही, आणि त्याच्या मिळकतीचा किमान पाचवा हिस्सा त्याच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवायचा. पाच तासांत जेवण, रुसवा आणि क्रिकेट धरले की प्रत्यक्ष चित्रीकरणाला दोन-अडीच तास उरतात. वेळापत्रक त्यावरच आखले. गणिताचा गृहपाठ आमच्या सहायक दिग्दर्शकाने घेतला, आणि त्यात एक उदाहरण चुकले, याबद्दल बाईंची क्षमा मागून झाली आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत चित्रीकरण का केले नाही? मुले तेव्हाच मोकळी असतात.

सोलापूरचा एप्रिल-मे ज्याने काढला आहे त्याला हे सांगायला नको. पारा ४० अंशांच्या वर सहज जातो आणि दुपारी डांबर त्याहून कितीतरी अधिक तापते. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड ठेवतो आणि त्याच्या पायात चप्पल नसते. आपल्या हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. हिवाळ्यातही आम्ही सकाळी नऊनंतर कुत्र्यांचे काम बंद ठेवले.

लहान मुले घाबरतील का?

मधला साधारण वीस मिनिटांचा भाग जड आहे. त्यात शेंगा पडद्यावर नाही, आणि चिन्ना तलावाच्या काठी एकटा बसलेला आहे. पाच वर्षांखालील मुले त्या वेळी ‘कुठे गेला?’ असे मोठ्याने विचारतील. विचारू द्यावे, थिएटरमध्ये कोणी रागावणार नाही. रक्त, मारहाण किंवा कुत्र्याला इजा झाल्याचे एकही दृश्य नाही. सेन्सॉरचे प्रमाणपत्र अजून मिळायचे आहे. २०२४ च्या नियमांपासून यू/ए वर्गात ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे झाले आहेत; आम्हाला सर्वांसाठीचे साधे यू प्रमाणपत्र मिळेल अशी अपेक्षा आहे.

चित्रपट पाहून मुले रस्त्यावरच्या कुत्र्यांना हात लावायला जातील, त्याचे काय?

ही शंका एका मुख्याध्यापिकेने काढली आणि ती आम्हाला पूर्णपणे पटली. त्यानंतर आम्ही एक नियम केला : चिन्ना अनोळखी कुत्र्याला कधीही स्वतःहून हात लावत नाही. तो लांब उभा राहतो, हाक मारतो आणि जांभईची वाट पाहतो. जांभई आली नाही तर निघून जातो. एका दृश्यात त्याच्या मित्राला कुत्र्याचा दात ओझरता लागतो, तेव्हा आजी हळद भरत नाही, की चुना लावत नाही. ती नळाखाली पंधरा मिनिटे साबणाने जखम धुते आणि त्याला त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस द्यायला नेते. रेबीज एकदा अंगात उमटला की जवळजवळ नेहमीच जीव घेतो, आणि वेळेवर धुणे व लसीचे सर्व डोस यांनी तो टाळता येतो. संकलनात हे दृश्य लांब वाटते असे काहींचे मत पडले. ते तेवढेच लांब राहणार आहे.

शेंगाच्या कानाला खाच का आहे? सुरुवातीला तर दिसत नाही.

झलक बारकाईने पाहिलेल्यांचा हा प्रश्न आहे. निर्बीजीकरण झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला ओळखीसाठी खाच करतात. चिन्नाच्या पुठ्ठ्यावरच्या चित्रात दोन्ही कान पूर्ण आहेत. याहून जास्त येथे सांगता येणार नाही.

आमचा कुत्रा खरोखरच हरवला तर काय करावे?

चित्रपटाशी थेट संबंध नसला तरी हा प्रश्न आला आहे, आणि चित्रीकरणात आमच्यावरच ती वेळ आली. तिसऱ्या दिवशी आमचा धावरा कुत्रा पट्ट्यातून मान काढून निसटला. वीस माणसे त्याचे नाव ओरडत त्याच्यामागे पळाली. साहजिकच तो आणखी लांब गेला. कुत्र्याला शिकवणारा माणूस मात्र पळाला नाही. तो जिथून कुत्रा सुटला तिथेच फुटपाथवर बसला, सगळ्यांना गप्प केले, जेवणाचा डबा उघडला आणि झाकण दोन-तीनदा डब्यावर वाजवले. पाऊण तासाने समोरच्या उसाच्या रसाच्या गाड्याखालून एक नाक बाहेर आले. तो तेवढ्या वेळ तिथेच होता, आणि आम्ही त्या गाड्यावरून चार वेळा गेलो होतो.

तेव्हा आधी जवळपास, खाली वाकून, गाड्यांच्या आणि जिन्यांच्या आडोशाला पाहावे. घाबरलेला कुत्रा बहुधा दडून बसतो आणि रहदारी निवळल्यावर हलतो, म्हणून पहाट आणि रात्री उशिराची वेळ साधावी. पाठलाग करू नये. बसून, तिरके होऊन, खाण्याच्या ओळखीच्या आवाजाने बोलवावे. घरातले वापरलेले, न धुतलेले कापड तो सुटला त्या जागी ठेवावे. माणसांत चौकशी करायची तर पहाटे हिंडणाऱ्यांकडे करावी : दूधवाले, पेपरवाले, झाडलोट करणारे कर्मचारी, रात्रपाळी संपवून चहाला थांबलेले कामगार. महापालिकेच्या कुत्री पकडणाऱ्या पथकाकडे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यांतही विचारावे. फलकावर फोटो मोठा, मजकूर थोडा आणि फोन नंबर ठळक असावा. आपल्या शहरात तो दोन-तीन लिप्यांत लिहिला तर उपयोग होतो. पट्ट्यावर फोन नंबर आधीच कोरून घेतला तर यातले बरेचसे टळते. आमच्या कुत्र्याच्या पट्ट्यावर तो त्या दिवशी नव्हता, संध्याकाळपर्यंत मात्र आला.

माझ्या मुलाला किंवा कुत्र्याला पुढच्या भागात काम मिळेल का?

पुढचा भाग नाही.

भुईकोट किल्ल्यातली दृश्ये आतून घेतली आहेत का?

नाही. किल्ला संरक्षित स्मारक आहे आणि आमच्या दृश्याला तटबंदी बाहेरून दिसली तरी पुरत होती.

चित्रीकरण संपल्यावर ते दोन कुत्रे कुठे गेले?

धावरा कुत्रा शिकवणाऱ्याच्याच घरी राहतो. दुसरा जिथून आला तिथेच, त्याच मागांच्या शेडजवळ आहे. त्याला कोणी दत्तक घ्यावे असा प्रस्ताव आला होता. शेडमधल्या कामगारांनी तो ऐकून घेतला आणि नाही म्हटले.

शेवटी शेंगा कसा सापडतो?

ते पडद्यावरच पाहावे. एवढेच सांगतो की पाचव्या दिवशी दुपारी गल्लीतली वीज जाते.